जास्तीची बादली

1997 च्या मे महिन्यात नाशिकमधल्या एका चार मजली इमारतीच्या दुसऱ्या स्लॅबवर मी उभा होतो. पदवी हातात येऊन वर्षही झालं नव्हतं. सकाळी मिक्सरपुढे नारळ फोडून झाला होता, पेढे वाटून झाले होते. दुपारी एकच्या सुमाराला, ऊन अगदी माथ्यावर असताना, टोळीच्या मिस्त्रीने खाली हाक दिली, "माल कडक येतोय रे, पाणी वाढव!" मिक्सरवरच्या पोराने एक बादली ओतली. मी वरून ओरडलो. मिस्त्री माझ्याकडे वळला आणि लहान भावाला समजवावं तशा सुरात म्हणाला, "साहेब, माल हालत नाही. पोरं संध्याकाळपर्यंत मरतील. एका बादलीने काय होतंय?"

एका बादलीने काय होतं, ते मी नुकतंच परीक्षेत लिहून आलो होतो. सिमेंटची गोणी 50 किलोची. पाणी-सिमेंटाचं प्रमाण 0.5 ठेवायचं तर एका गोणीला 25 लिटर पाणी, तेही वाळूतला ओलावा धरून. त्यात 10 लिटरची एक बादली जास्त गेली की प्रमाण 0.7 वर जातं आणि काँक्रीटची ताकद पाव ते एक तृतीयांश कमी होते. पाण्याचं आणि मजबुतीचं हे नातं डफ अब्रॅम्स यांनी 1918 मध्येच मांडून ठेवलं आहे. त्यात गूढ असं काही उरलेलं नाही. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि जाताना काँक्रीटमध्ये बारीक छिद्रं सोडून जातं. त्या वाटेने दमट हवा सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंजली की फुगते, आणि दहा-पंधरा वर्षांनी स्वयंपाकघरातल्या छताचा पोपडा खाली पडतो. तोवर मिस्त्री, पोरगा, ठेकेदार आणि मी, कोणीच त्या गावात नसतो.

हे सगळं माहीत असून मी गप्प बसलो. कारण थांबवलं असतं तर अर्ध्यावर आलेल्या स्लॅबला जोड पडला असता, आणि तो जोडही काही कमी वाईट नसतो. टोळीचा दिवस बुडाला असता. मिक्सरचं भाडं अंगावर आलं असतं. ठेकेदाराने मालकाला फोन केला असता आणि मालकाने मला. टोळीला स्लॅबचे पैसे उक्ते ठरलेले होते. लवकर उरकण्यातच त्यांची मजुरी होती, आणि पातळ माल भराभर पसरतो. त्या दिवशी स्लॅबवर चाळीस माणसं होती. ज्याला कळत होतं त्याच्या हातात काही नव्हतं, आणि ज्याच्या हातात सगळं होतं तो तिथे नव्हता.

आपल्यासारख्या देशांत बांधकाम कसं सुधारेल या प्रश्नावर मी गेली पंचवीसेक वर्षं परिसंवाद ऐकतो आहे. माझं उत्तर त्या स्लॅबवरच आहे. काम चालू असताना, जागेवर उभं राहून 'थांबा' म्हणू शकेल आणि त्या 'थांबा'च्या मागे पैसा अडवण्याची ताकद असेल, असं माणूस आपण बांधकामात ठेवलेलंच नाही. बाकीच्या सुधारणा त्याच्या नंतरच्या.

परिसंवादांत साधारण दोन उत्तरं मिळतात. पहिलं तंत्रज्ञानाचं. ॲल्युमिनियमची फॉर्मवर्क, म्हणजे काँक्रीट ओतायचे साचे, कारखान्यात ओतून आणलेले भाग, आणि आता त्रिमितीय छपाई. बंगळुरूला 2023 मध्ये छापलेल्या पोस्ट ऑफिसचं उद्घाटनही झालं. चांगलंच आहे. पण भारत हा चीनच्या खालोखाल सिमेंट वापरणारा देश आहे, आणि त्यातलं कितीतरी सिमेंट अजून घमेल्यातून आणि थापीनेच जागेवर जातं. शहरात तयार काँक्रीट आलं तेव्हा मला वाटलं होतं, बादली सुटली. सुटली कसली! गाडी वाहतुकीत अडकते, माल घट्ट होऊ लागतो, आणि साइटच्या फाटकापाशी ड्रायव्हर ड्रममध्ये पाइप सोडतो. यंत्र बदललं, बादलीच्या जागी पाइप आला.

दुसरं उत्तर भ्रष्टाचाराचं. ते खोटं नाही, पण त्या उत्तराने बोलणाऱ्याची सुटका होते आणि ऐकणाऱ्याचीही. माझ्या पाहण्यातली बरीच वाईट बांधकामं कोणी फार पैसे खाल्ल्यामुळे झाली नाहीत. ती घाईने झाली, अर्धवट माहितीने झाली, आणि खाली येईपर्यंत पैसाच न उरल्याने झाली.

ही शेवटची गोष्ट जरा उलगडून पाहावी लागेल. सरकारी कामाचं अंदाजपत्रक दरसूचीप्रमाणे होतं, निविदा निघते, आणि सर्वात कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं. आमच्याकडे 'वीस टक्के बिलो गेलं' हे वाक्य क्रिकेटच्या धावसंख्येसारखं बोललं जातं. ज्या कामाला शंभर रुपये लागतील असा खात्याचाच हिशोब होता, ते ऐंशीत करून देतो असं कोणी म्हटलं की खरं तर पोटात गोळा यायला हवा. आपल्याकडे त्याच्याकडून थोडी जास्त अनामत घेतात आणि कार्यादेश देतात. मग तो आपला हिस्सा ठेवून काम दुसऱ्याला देतो, दुसरा मजुरी मुकादमावर सोडतो, मुकादम नाक्यावरून माणसं उचलतो. काम थापीपर्यंत येतं तेव्हा त्या ऐंशीतलेही कितीतरी वरच राहिलेले असतात. त्यात बिलं वेळेवर निघत नाहीत. थकलेल्या बिलांसाठी महाराष्ट्रातल्या ठेकेदार संघटनांना रस्त्यावर उतरावं लागलं आहे. ठेकेदाराविषयी सहानुभूती वाटणं आपल्याकडे बरं दिसत नाही, तरी सांगतो: ज्याचं बिल वर्षभर अडकलं आहे, तो पुढच्या कामात वाळू चाळून घेणार नाही.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये खरेदी आणि प्रकल्पांविषयीच्या सूचना काढल्या. त्यात काही कामांसाठी निव्वळ कमी दर न पाहता गुणवत्तेलाही 30 टक्क्यांपर्यंत वजन द्यायला मोकळीक दिली. दार उघडलं आहे, त्यातून जाणारे कमी. गुण देणाऱ्या अधिकाऱ्याला उद्या लेखापरीक्षणात 'जास्त दराच्या माणसाला काम का दिलंत' याचं उत्तर द्यावं लागतं. स्वस्तात वाईट काम का करून घेतलंत, असं त्याला कोणी विचारत नाही. शिवाय मोजमाप पुस्तकात, म्हणजे एमबीत, घनमीटर लिहिले जातात. किती काँक्रीट ओतलं त्याचं बिल निघतं. कसं ओतलं याला एमबीत रकाना नाही. त्यासाठी क्यूबचे, म्हणजे त्याच मालाचे ठोकळे भरून, फोडून ताकद मोजल्याचे, अहवाल वेगळे जोडतात. आणि क्यूब भरायची वेळ आली की माल कसा निवडून घेतला जातो, किती प्रेमाने ठोकून भरला जातो, ते साइटवर राहिलेल्या कोणालाही विचारा. स्लॅबला न मिळालेली माया त्या 15 सेंटिमीटरच्या ठोकळ्याला मिळते.

2013 च्या एप्रिलमध्ये वीस दिवसांच्या अंतराने दोन इमारती पडल्या. 4 एप्रिलला ठाण्याजवळ शिळफाट्याला, वरचे मजले चढत असतानाच खाली माणसं राहत असलेली, परवानगी नसलेली इमारत कोसळली आणि 74 जण गेले. 24 एप्रिलला ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा कोसळली. 1,134 माणसं गेली, बहुतेक कपडे शिवणाऱ्या बायका. तिथे आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. त्याच इमारतीतल्या बँकेच्या शाखेने आपल्या कर्मचाऱ्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. शिलाईच्या बायकांना मात्र कामावर बोलावलं गेलं. तडा दोघांना दिसला होता, 'येत नाही' म्हणायची सोय एकालाच होती.

त्यानंतर दोन्हीकडे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. आपल्याकडे अटका झाल्या, निलंबनं झाली, चौकशी झाली. बांगलादेशात महिन्याभराच्या आत परदेशी कपडे-कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला, आणि तो कायद्याने बांधील होता. सोळाशेहून अधिक कारखान्यांच्या इमारती तपासल्या गेल्या. तपासणीचे अहवाल कुलूपबंद न ठेवता लोकांसाठी खुले केले. धोकादायक जागी काम नाकारण्याचा कामगाराचा हक्क करारात लिहिला गेला, आणि दुरुस्ती न करणाऱ्या कारखान्याला त्या कंपन्यांची कामं बंद झाली. बांगलादेशचं सरकार रातोरात कार्यक्षम झालं होतं, असं काही नाही. ज्याच्या हातात ऑर्डर होती त्याने पैसा आणि तपासणी यांची गाठ मारली, एवढंच. कराराला मर्यादा होत्या. परदेशी ग्राहक नसलेल्या कारखान्यांना आणि साध्या राहत्या इमारतींना त्याचा उपयोग नव्हता. तरी पैसा अडला की कॉलम मजबूत होतो, हे दिसून आलं.

आपल्याकडचं उदाहरण मला यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं, आणि त्याच्याविषयी बोललं फार कमी जातं.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली जाड दगडमातीची घरं, वरच्या माळवदाच्या मातीसकट, झोपलेल्या माणसांवर आली. त्या भिंती दोन-दोन, अडीच-अडीच फुटांच्या होत्या. मग पडल्या का? भिंतीचे दोन्ही दर्शनी थर चांगल्या दगडांचे, मध्ये चिपा आणि माती, आणि दोन्ही थरांना आरपार बांधून धरणारा दगड घालायची जुनी पद्धत बऱ्याच ठिकाणी सुटलेली. हादरा बसला आणि भिंत उभी चिरून दोन अंगांना फाकली. आरपार दगड घालायला सिमेंट लागत नाही, यंत्र लागत नाही. लागतो तो ठाऊक असलेला गवंडी आणि हट्टाने घालून घेणारं घरचं माणूस.

पुनर्वसनाची एक बाजू म्हणजे बावन्न गावं उठवून नव्या जागी वसवली गेली. तिथले रुंद रस्ते आणि आखीव प्लॉट पाहिले की बाहेरचा माणूस खूश होतो. बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, हे तिथे राहणाऱ्याला विचारावं. दुसरी बाजू जास्त मोठी होती आणि कमी चमकदार. तडे गेलेली, खिळखिळी झालेली लाखांच्या घरातली घरं जागच्या जागी दुरुस्त करून मजबूत करायची होती. हे काम कंत्राटदाराच्या हाती न देता घरमालकाच्या हाती दिलं गेलं. शासनाने गावोगाव 'संवाद सहायक' म्हणून गावातल्याच बायका नेमल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने हजाराहून अधिक गावांत त्यांचं काम उभं केलं. दारा-खिडक्यांवरची लिंटेलची पट्टी म्हणजे काय, कोपरा कसा बांधायचा, आरपार दगड किती अंतरावर हवा, छतावरची माती किती उतरवायची, हे त्या शिकल्या आणि घराघरांत सांगू लागल्या. तोवर ज्यांना गवंड्यासमोर डोक्यावरचा पदर सावरत पाणी देण्यापलीकडे बांधकामात जागा नव्हती, त्या बायका 'इथला दगड कुठे आहे?' असं विचारू लागल्या.

मिस्त्रीला हे आवडलं असेल असं मला वाटत नाही. पण ज्या घरात आपल्याला झोपायचं आहे त्याच्या भिंतीवर तीच बाई रोज नजर ठेवणार, आणि पैसाही तिच्याच घरातून निघणार. माझ्यासारख्या वर्षभराच्या इंजिनिअरपेक्षा तिचा 'थांबा' जड होता.

2001 च्या भूकंपानंतर गुजरातने हेच मोठ्या प्रमाणावर केलं. मदत थेट घरमालकाच्या बँक खात्यात, हप्त्याहप्त्याने, आणि अभियंत्याने काम तपासल्यावर पुढचा हप्ता. हजारो गवंड्यांना प्रशिक्षण दिलं गेलं. मराठवाड्यातल्या बायका तेव्हा कच्छला जाऊन तिथल्या बायकांशी बोलून आल्या.

यावर कोणी म्हणेल, खेड्यातल्या घराचं ठीक आहे, शहरात तेवीस मजली इमारतीत कुठला घरमालक साइटवर उभा राहणार? बरोबर आहे, तो उभा राहू शकत नाही. पण त्याचा पैसा हप्त्याहप्त्यानेच जातो, हे आपण विसरतो. गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाच्या नमुना करारनाम्यात टप्पे ठरवून दिलेले आहेत. करार झाल्यावर 30 टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत 45, सगळे स्लॅब होईपर्यंत 70. पुढे प्लास्टर, जिना, लिफ्ट असं करत ताबा घेताना शेवटचे 5. म्हणजे कच्छमध्ये जी रचना आणली, ती आपल्या शहरांत आधीपासून कागदावर आहेच. बिल्डर स्लॅब पडल्याचं पत्र पाठवतो, बँक आपला माणूस पाठवते, तो स्लॅब मोजतो, हप्ता सुटतो. स्लॅब आहे की नाही, एवढंच पाहिलं जातं. तो कसा आहे, हे विचारण्याची वेळ आणि ताकद नेमकी त्याच क्षणी हातात असते, आणि आपण ती दर महिन्याला सोडून देतो.

माझी मागणी साधी आहे. हप्त्याच्या प्रत्येक मागणीपत्राला त्या स्लॅबच्या क्यूबचा अहवाल जोडलेला असावा. क्यूब भरायला आणि फोडायला बिल्डरचा नसलेला, बँकेने किंवा ग्राहकांच्या वतीने नेमलेला माणूस असावा. आणि काँक्रीट ओतण्याआधीच्या सळईचे फोटो, सळई साच्यापासून अलग धरणाऱ्या कव्हर ब्लॉकसकट, तारखेसकट, महारेराच्या पानावर सगळ्यांना दिसावेत. प्रकल्पाच्या अभियंत्याचं दर्जाविषयीचं प्रमाणपत्र आजही घेतलं जातं, पण त्या अभियंत्याचा पगार बिल्डर देतो. मी असे कागद सह्या करून दिले आहेत, म्हणून सांगतो. शिवाय आर्किटेक्टसाठी देशात 1972 पासून कायदा आणि परिषद आहे. अभियंत्यासाठी तसा देशभराचा कायदा अजून नाही. माझी सही खोटी ठरली तर माझी नोकरी जाईल, व्यवसाय जाईलच असं नाही.

यावर दोन आक्षेप येतात. एक म्हणजे क्यूबचा निकाल अठ्ठावीस दिवसांनी, तोवर वर तीन स्लॅब झालेले असतात. झालेले असू देत. सात दिवसांच्या निकालावरून साधारण दोन तृतीयांश ताकदीचा अंदाज येतो, शंका आली तर जागेवर काँक्रीटला ठोका देऊन ताकद अजमावणारी हॅमरची चाचणी आहे. शिवाय पुढचा हप्ता अडणार हे माहीत असलं की मिक्सरवरचा पोरगा बादली उचलण्याआधी वर बघेल. दुसरा आक्षेप खर्चाचा. शहरात घराच्या किमतीत जमिनीचा वाटा एवढा असतो की चाचणीचा खर्च त्यात दिसणारही नाही. खेड्यात मात्र हा आक्षेप खरा आहे, तो मी झटकून टाकणार नाही. पंतप्रधान आवास योजनेत सपाट भागातल्या ग्रामीण घराला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. त्यात चार कोपऱ्यांना सळई आणि वर पट्टी घाला म्हणताना माझीच जीभ अडखळते. तिथेही हप्ते फोटो पाहून सुटतात, आणि फोटोत भिंत लिंटेलपर्यंत आली हे दिसतं, कोपरा बांधला आहे का हे दिसत नाही. तिथे उपाय तपासणीपेक्षा गवंड्यातच शोधायला हवा.

आणि गवंडी हा या सगळ्यातला सर्वात दुर्लक्षित विषय. शेतीखालोखाल सर्वात जास्त माणसं या धंद्यात आहेत, सात कोटींच्या आसपास, आणि त्यातली बहुसंख्य अकुशल म्हणून मोजली जातात. शाळेत कोणी त्यांना हे शिकवलं नाही. बिगारी म्हणून घमेली वाहता वाहता, मिस्त्रीची थापी चोरून चालवता चालवता ते गवंडी होतात. मिस्त्रीला जे माहीत नव्हतं ते त्यांनाही माहीत नसतं. ओळंबा ते डोळे मिटून लावतील, भिंतीत सूतभर चूक निघणार नाही. पण कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगेचा आकडा, म्हणजे वाकवलेलं टोक, आत 135 अंशांत का वळवायचा, हे त्यांना कधी कोणी सांगितलेलं नसतं. भूकंपात कॉलम फुटला की 90 अंशांचा आकडा उघडतो आणि आतल्या सळया बाहेर फुगतात. दोन मिनिटांत दाखवता येईल अशी गोष्ट आहे ती. पाण्याचंही तसंच. मालात पाणी जास्त, आणि ओतलेल्या स्लॅबवर मारायला पाणी नाही, हा आपला नेहमीचा उलटा कारभार. मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला निदान सात दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला दहा दिवस स्लॅब ओला राहायला हवा. मराठवाड्यात मे महिन्यात टँकरच्या पाण्याने दहा दिवस क्युरिंग करा म्हणणं सोपं नाही, हे मान्य. पण ओली पोती अंथरली तर कमी पाण्यात भागतं, हेही सांगणारं कोणी नसतं.

शिकवायला पैसा नाही, असं म्हणायची मात्र सोय नाही. 1996 च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर सुरू झाला. मलेशियाने 1994 मध्ये बांधकाम उद्योगासाठी मंडळ काढलं. त्याची लेव्ही कंत्राटाच्या 0.125 टक्के आहे, आणि त्यांच्याकडे मंडळाचं कार्ड असल्याशिवाय मजुराला साइटवर पाऊल ठेवता येत नाही. आपण त्याच्या आठपट दराने गोळा करतो. तुलना पूर्ण न्याय्य नाही, कारण आपला उपकर कामगारांच्या कल्याणासाठी आहे, त्यांची लेव्ही मुख्यतः उद्योगासाठी. पण कल्याण तरी झालं का? मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा देशभरात 37,400 कोटींहून अधिक जमा झाले होते आणि खर्च झाले होते जेमतेम 9,500 कोटी. त्यातूनही काही ठिकाणी लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतली गेल्याचं न्यायालयासमोर आलं. आपल्याकडे बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ भांड्यांचे संच आणि सुरक्षेच्या पेट्या वाटतं. भांडी लागतात, ती वाटू नका असं मी म्हणणार नाही. पण नव्वद दिवस काम केल्याचा दाखला आणताना नाक्यावरच्या खऱ्या बिगाऱ्याची दमछाक होते, आणि ज्यांनी आयुष्यात घमेलं उचललं नाही ते रांगेत पुढे असतात, असं नाक्यावर उभं राहिलं की रोज ऐकू येतं.

2019 च्या जून अखेरीला पुण्यात कोंढव्याला शेजारच्या सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. पंधरा जण गेले, त्यात लहान मुलंही होती. बहुतेक बिहारचे. ते झोपलेले होते. भिंतीच्या पायथ्याशी खोली बांधायला त्यांनी नकार दिला असता, तर त्या रात्री ते कुठे झोपले असते? हेल्मेट घातलं नाही म्हणून दंड करणारे आपण, हा प्रश्न विचारत नाही.

केंद्राच्या ग्रामीण गवंडी प्रशिक्षणात पंचेचाळीस दिवसांत, प्रत्यक्ष एक घर बांधत शिकवतात. कल्पना उत्तम आहे. वर्गात फळ्यावर गवंडी तयार होत नाही. अडचण अशी की नाक्यावरच्या माणसाला पंचेचाळीस दिवस पूर्ण मजुरी मिळाली नाही तर तो येणार नाही, आणि आला तरी प्रमाणपत्राने त्याचा दर वाढला नाही तर दुसऱ्याला 'जा' म्हणून सांगणार नाही. उपकरातून त्या दिवसांची पूर्ण मजुरी द्यावी आणि सरकारी कामाच्या निविदेत प्रशिक्षित गवंड्याचा दर वेगळा, वरचा धरावा. झारखंडात बायकांना गवंडीकाम शिकवलं, त्यांना तिथे 'रानी मिस्त्री' म्हणतात. आपल्याकडे बाई जन्मभर घमेलंच वाहते. ती मिस्त्रीपेक्षा कमी शिकलेली नसते, तिच्या हातात थापी कोणी दिलेली नसते इतकंच. किल्लारीनंतर तिच्या हाती अधिकार दिला होता तेव्हा काय झालं, ते वर लिहिलंच आहे.

मागच्या दिवाळीत भाच्याने पुण्याच्या पश्चिमेला फ्लॅट घेतला. बुकिंगच्या दिवशी मी सोबत गेलो होतो. विक्री विभागातल्या मुलाने पोहण्याच्या तलावाचं चित्र दाखवलं, टाइलचे नमुने दाखवले, कॉफी दिली. मी क्यूबचे अहवाल पाहायला मागितले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, क्यूब म्हणजे तुम्हाला मुलांचा प्ले एरिया म्हणायचाय का?" भाच्याने टेबलाखालून माझा पाय दाबला.

फेब्रुवारीत नवव्या स्लॅबचं मागणीपत्र आलं. बँकेचा माणूस पाहणीला येणार होता म्हणून मी मुद्दाम गेलो. तो मोटारसायकलवरून आला, रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला, बोट वर करून मजले मोजले, मोबाइलवर दोन फोटो काढले. मी जवळ जाऊन विचारलं, वर जाणार नाही का? तो म्हणाला, "काका, आज अजून अकरा साइट आहेत." आतून मिक्सर गाडीच्या ड्रमचा आवाज येत होता, दहाव्याची तयारी चालू होती. हप्ता दुसऱ्या दिवशी दुपारी सुटला.